व्यायाम ज्ञानकोशाचे संपादक कै. द. चिं. मुजुमदार : इतिहासकार कीं साक्षीदार?

बडोदें येथून इ. स. १९३६ ते १९४९ या अवधींत ‘व्यायाम ज्ञानकोश’ या नांवाचा मराठी ग्रंथ १० खंडांत प्रसिद्ध झाला. कै. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार हे त्याचे संपादक. त्यानंतर पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९५० सालीं, त्याच विषयावरील त्यांचा एका खंडाचा इंग्रजी ज्ञानकोशही बडोद्याहूनच बाहेर पडला. व्यायाम, कुस्ती व देशी खेळ यांच्या इतिहासाविषयीं ज्यांनीं पुढें लिहिलें त्यांपैकीं पुष्कळांस या दोहोंतून कांहीं ना कांहीं घ्यावें लागलें आहे. असें असतां, हस्तलिखितें व दुर्मिळ ग्रंथ जमविणाऱ्या आमच्या वर्गाच्या संग्रहांत हे दहाही खंड एकत्र असलेले आमच्या पाहण्यांत फार थोडे आले. जेथें एखाददुसरा खंड आढळला तेथें तो ‘संकीर्ण’ या चिठ्ठीखालीं, जुनीं पंचांगें व औषधांच्या जाहिरातपुस्तिका यांच्या शेजारीं पडलेला होता.

या अनास्थेचें मूळ ग्रंथाच्या गुणदोषांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तें विषयाच्या प्रतिष्ठेंत आहे. आम्हीं आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलें. शाळेच्या व्यवहारांत संस्कृताच्या शिक्षकास मत विचारलें जाई. कवायतीच्या मास्तरांच्या वांट्यास शिट्टी, चुन्याची बादली आणि पावसाळ्यांत दुसऱ्याचे रिकामे तास एवढेंच येई. मैदान हें बुद्धीचें क्षेत्र नाहीं हा समज शाळेंतून निघून संशोधकांच्या बैठकीपर्यंत पोहोंचला आहे. ज्या घराण्याच्या दप्तरांतून आपण सनदा व महजर अक्षर न् अक्षर उतरून घेतों, त्याच दप्तरांतील पहिलवानाच्या खुराकाची नोंद किरकोळ म्हणून सोडून देतों. मुजुमदारांचें स्मरण करावयाचें तें ही गोष्ट ध्यानांत ठेवून. मात्र केवळ गौरव करून थांबल्यास त्यांच्या कामास न्याय मिळणार नाहीं. या लेखांत आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहों : मुजुमदारांचे ग्रंथ इतिहास म्हणून वाचावयाचे, कीं इतिहासाचें साधन म्हणून?

१. बडोद्याची भूमि

हा उद्योग बडोद्यास घडला यांत नवल नाहीं. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या १८७५ ते १९३९ या दीर्घ कारकीर्दींत त्या नगरींत दोन विद्या शेजारीं शेजारीं नांदल्या. एक ग्रंथविद्या. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुस्तक, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ सालीं निघालें, व त्यानंतर या मालेनें अनेक अप्रकाशित संस्कृत ग्रंथ उजेडांत आणिले. दुसरी मल्लविद्या. तिची परंपरा सयाजीरावांच्याही पूर्वीची होय. खंडेराव गायकवाड (१८५६–१८७०) यांच्या दरबारीं हातांत नखी बांधून लढणाऱ्या मल्लांच्या झुंजी होत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानें त्या प्रत्यक्ष पाहून आपल्या प्रवासवर्णनांत नोंदविल्या आहेत. 

याच नगरींत जुम्मादादा हे उस्ताद होऊन गेले, व त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव (१८७८–१९५४) यांनीं गुरूच्या नांवानें चालविलेली व्यायामशाळा हिंदुस्थानभर प्रसिद्ध झाली. इंग्रजी हुकुमांच्या जागीं देशी भाषेंतले हुकूम योजून शेंकडों मुलांकडून एका वेळीं व्यायाम करून घेण्याची पद्धत माणिकरावांनीं रूढ केली. पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्धीस आलेले जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळांत त्यांच्याच हाताखालीं शिकले, आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. उस्ताद मुसलमान, शिष्य ब्राह्मण, आणि प्रशिष्य योगाच्या शास्त्रीय परीक्षणाचा आद्य प्रवर्तक : ही एक गुरुपरंपराच आधुनिक व्यायामशिक्षणाचा इतिहास किती गुंतागुंतीचा आहे हें दाखविण्यास पुरेशी आहे.

अशा ठिकाणीं बसून मुजुमदार कोश करीत होते. त्यांच्या थोडें आधीं केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशानें २३ विभागांत असा उद्योग मराठींत शक्य आहे हें सिद्ध केलें होतें. परंतु केतकरांच्या कोशाचें बहुतेक साहित्य छापील ग्रंथांत उपलब्ध होतें. मुजुमदारांचें अर्धेंअधिक साहित्य कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तें तालमींच्या हौद्यांत, उस्तादांच्या तोंडीं व पोरांच्या खेळांत विखुरलेलें होतें. इतर कोशकारांहून त्यांची अडचण वेगळी होती ती येथें, व आमच्या मतें त्यांची योग्यताही येथेंच आहे.

२. एका शीर्षकांतील दोन प्रतिज्ञा

मुजुमदारांच्या इंग्रजी ग्रंथाच्या लांबलचक उपशीर्षकांत व्यायामाचे जे प्रकार सांगावयाचे त्यांचें वर्णन दोन अंगांनीं केलें आहे : ते आपल्या पूर्वजांकडून आपणांस आले, आणि ते हिंदुस्थानांत चालू आहेत. वाचतांना हीं दोन विशेषणें एकच वाटतात. वस्तुतः त्या दोन निरनिराळ्या प्रतिज्ञा आहेत, व त्यांस लागणारा पुरावाही निरनिराळ्या जातीचा आहे. ‘पूर्वजांकडून आले’ हें सिद्ध करण्यास दर शतकाचा कांहीं तरी दाखला पाहिजे. तें काम इतिहासकाराचें. ‘चालू आहेत’ हें सिद्ध करण्यास डोळसपणें पाहणारा व जसेंच्या तसें लिहिणारा मनुष्य पाहिजे. तें काम साक्षीदाराचें. मुजुमदारांनीं दोन्ही कामें अंगावर घेतलीं. पैकीं कोणतें किती तडीस गेलें हें उदाहरणांनींच पाहिलें पाहिजे.

३. ग्रंथाचा पुरावा : मानसोल्लास व मल्लपुराण

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६–११३८) यानें इ. स. ११२९ च्या सुमारास रचिलेला ‘मानसोल्लास’ मराठी वाचकांस भाषेच्या इतिहासामुळें परिचित आहे. त्यांतील मराठी पद्यांचा उल्लेख प्राचीन मराठीचा विचार करणारा प्रत्येक जण करतो. त्याच ग्रंथांतील ‘मल्लविनोद’ हा अध्याय मात्र त्या मानानें उपेक्षित राहिला. त्यांत मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगितले आहेत. त्यांच्याकडून करून घ्यावयाच्या श्रमांत भारश्रम म्हणजे ओझें उचलणें, भ्रमणश्रम म्हणजे चालणें, सलिलश्रम म्हणजे पोहणें, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा व्यायाम, यांचा समावेश आहे. व्यायामाच्या इतिहासांत काल निश्चित असलेला इतका तपशीलवार दाखला दुर्मिळ होय. त्याकडे लक्ष वेधणाऱ्यांत मुजुमदार होते ही त्यांच्या जमेची बाजू.

येथें ग्रंथसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी एक गोष्ट आहे. मानसोल्लासाची बडोद्याची आवृत्ति श्रीगोंदेकर यांनीं तीन भागांत काढिली : पहिला भाग १९२५, दुसरा १९३९ व तिसरा १९६१. मल्लविनोद हा दुसऱ्या भागांत येतो. म्हणजे ज्ञानकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हां हा अध्याय छापील रूपानें वाचकांच्या हातीं आला नव्हता. इंग्रजी ग्रंथ निघाला तेव्हां तो येऊन ११ वर्षें झालीं होतीं. यास्तव मराठी खंड व इंग्रजी ग्रंथ हे एकच मानून एकाच्या ऐवजीं दुसरा वापरणें घातुक आहे. दोहोंच्या मधल्या काळांत साधनेंच बदललीं. कोणतें विधान कोणत्या वर्षींच्या खंडांत प्रथम आलें हें पाहिल्यावांचून मुजुमदारांचा हवाला देणें म्हणजे बखरीचें पान न सांगतां बखरीचा हवाला देण्यासारखें आहे.

दुसरा ग्रंथ ‘मल्लपुराण’. गुजराथेंतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्लांच्या ज्ञातीचें हें पुराण. त्यांची कुलदेवता लिंबजा. भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता यांनीं तें १९६४ सालीं प्राच्य ग्रंथमालेंत संपादून प्रसिद्ध केलें, म्हणजे मुजुमदारांचें मुख्य काम संपून १५ वर्षें झाल्यावर. यांतही स्तंभश्रम आहे, जलश्रम आहे, पायऱ्या चढण्याचा व्यायाम आहे. चालुक्यांच्या ग्रंथांतील ‘ज्येष्ठिक’, मोढेऱ्याचे ‘ज्येष्ठी’ व म्हैसूरच्या दसऱ्यांत वज्रमुष्टि लढणारे ‘जेट्टी’ हे शब्द शेजारीं ठेविले असतां एका व्यवसायाची वाट कल्याणीपासून गुजराथ व कर्नाटकपर्यंत गेलेली दिसूं लागते. राजाच्या ग्रंथांतला वर्ग पुढें ज्ञातीचें नांव झाला. असला पुरावा वेदांतील एखाद्या ऋचेंत ‘बाहुबल’ शब्द सांपडण्याहून शतपट मोलाचा आहे, कारण त्याला मनुष्यें आहेत, गांवें आहेत व वंश आहे.

यावरून मुजुमदारांच्या, आणि त्यांच्या पिढींतील पुष्कळांच्या, इतिहासलेखनांतील उणीव स्पष्ट होते. वेद, महाकाव्यें, पुराणें, मध्ययुगीन ग्रंथ व पेशवाई यांतील उल्लेख कालानुक्रमानें मांडले म्हणजे परंपरा सिद्ध झाली, अशी त्या काळची समजूत होती. भीम व जरासंध यांचें मल्लयुद्ध हा काव्याचा पुरावा. मल्लविनोद हा राजदरबारच्या व्यवहाराचा पुरावा. दोहोंची जात एक नव्हे. मण्यांमध्यें दोरा आहे हें गृहीत धरून मणी ओळीनें ठेविले तर माळ दिसते खरी, पण उचलूं गेलें असतां हातीं येत नाहीं.

४. आख्यायिकेचा पुरावा : बाळंभटदादा

आतां मल्लखांबाकडे वळूं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेले बाळंभटदादा देवधर यांची कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक आखाड्यांत सांगितली जाते. निजामाकडील अली व गुलाब नांवाचे दोन पहिलवान पुण्यास आले, त्यांनीं कुस्तीचें आव्हान दिलें. तरुण बाळंभटानें मुदत मागितली, तो सप्तशृंगीच्या गडावर जाऊन बसला, तेथें मारुतीनें दृष्टांत देऊन लांकडी खांबावरच्या पकडी दाखविल्या. परत येऊन त्यानें अलीस चीत केलें व गुलाबानें लढण्याचें टाळलें. येथून मल्लखांबाचा उगम झाला, असें कथा म्हणते.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढला तेव्हां प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिच्या पद्धतीनें या कथेकडे पाहिलें पाहिजे. पहिली गोष्ट, ‘उगम’ हा शब्द टिकत नाहीं. स्तंभश्रम ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथांत आहे व गुजराथी मल्लांच्या पुराणांतही आहे. दुसरी गोष्ट, याच दाखल्यावरून कथा टाकाऊ ठरवून ‘मल्लखांब बाराव्या शतकापासून अखंड चालत आला’ असें म्हणणें हेंही तितकेंच निराधार आहे. सोमेश्वरापासून दुसऱ्या बाजीरावास १७९६ सालीं पेशवाई मिळेपर्यंत सुमारें पावणेसातशें वर्षें जातात. तेवढ्या काळांतील महाराष्ट्राचा एकादा अस्सल कागद पुढें ठेविल्यावांचून ‘अखंड’ हा शब्द वापरतां येत नाहीं. शब्दसादृश्यही येथें फसवें आहे. मराठी ‘खांब’ हा संस्कृत ‘स्कंभ’ यापासून आलेला, ‘स्तंभ’ यापासून नव्हे. तेव्हां ‘स्तंभश्रम’ हाच शब्द झिजून ‘मल्लखांब’ झाला असें व्युत्पत्तीनें दाखवितां येत नाहीं. क्रिया सारखी असूं शकेल; नांव मात्र नव्यानें पडलेलें आहे, आणि नवें नांव हें बहुधा नव्या मांडणीचें चिन्ह असतें.

मग कथेंत उरतें काय? उरतें तें पुष्कळ आहे. पेशवाईच्या अखेरीस एका शिक्षकानें खांबावरच्या श्रमाला क्रम लाविला, त्यास शिष्य मिळाले, व त्यांपैकीं कोंडभट गोडबोले व दामोदरगुरु मोघे यांच्या नांवांशीं काशीची परंपरा निगडित झाली. पुढें वेताचा मल्लखांब आला, मग दोरीचा. कथेंतील मारुति बाजूस ठेविला तरी गुरुशिष्यांची वंशावळ राहतेच, व ती तपासण्यासारखी आहे. या वंशावळीचें महत्त्व राजघराण्याच्या वंशावळीहून कमी मानण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.

मल्लखांबावरील आजवरच्या बहुतेक लेखनांत मानसोल्लासाचा दाखला व बाळंभटांची कथा हीं एकाखालीं एक दिलेलीं असतात, आणि एक खरें असल्यास दुसऱ्यास मुरड घालावी लागते ही गोष्ट कोणी बोलत नाहीं. २०१९ सालीं मुंबईस मल्लखांबाची जागतिक स्पर्धा भरली. खेळ जगापुढें गेला, पण त्याचा इतिहास अद्याप या दोन न जुळणाऱ्या परिच्छेदांतच अडकून आहे.

५. प्रत्यक्षाचा पुरावा

येथपर्यंतचा विचार मुजुमदारांस प्रतिकूल वाटेल. तो त्यांच्या कार्याच्या पहिल्या अंगापुरता आहे. दुसऱ्या अंगाकडे पाहतां तराजू एकदम दुसरीकडे कलतो.

डाव, पकडी, उड्या, हत्यारांचे हात व खेळांचे नियम हे मुजुमदारांनीं चित्रांसह दिले. वाङ्मयीन पंडितास हीं पानें रुक्ष वाटतील. आम्हांस तीं ग्रंथाचा प्राण वाटतात. कारण ह्या विद्या बहुतेक निरक्षर किंवा अर्धसाक्षर उस्तादांच्या हातीं होत्या, त्यांचे शब्द कोशांत गेलेले नव्हते, आणि त्या पिढीबरोबर ते जाणारच होते. मल्लखांबावरच्या अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, वेल, फरारे. कुस्तींतले पट, ढाक, टांग, मोळी, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड. पट्टा, बोथाटी, फरीगदका, बनेटी, लेझीम : या शब्दांची यादी कोणत्याही भाषाशास्त्र्यास महिनाभर पुरेल.

आणि ही यादी ‘पूर्वजांकडून आलें’ या प्रतिज्ञेपेक्षां अधिक खरा इतिहास सांगते. ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाट’ याचा वंशज, ‘तालीम’ अरबी, ‘पहिलवान’ व ‘उस्ताद’ फारसीमार्गें आलेले, ‘दंड’ संस्कृत, ‘सलाम’ अरबी, ‘सुईदोरा’ व ‘वेल’ मराठी घरांतले व परसांतले. मल्ल ज्या मातींत उतरतो तिला संस्कृत नांव, ज्या इमारतींत ती माती असते तिला अरबी नांव, व जो शिकवितो त्याला फारसी नांव. सरळ रेषेंत वेदांपासून निघून आजवर आलेली परंपरा अशी भाषा बोलत नसते. ही भाषा दरबारोदरबारीं फिरलेल्या, हिंदु व मुसलमान दोघांच्याही अंगाखालून गेलेल्या विद्येची आहे. जुम्मादादांचा शिष्य माणिकराव कां होऊं शकला याचें उत्तर या शब्दांतच आहे. संपादकाच्या प्रस्तावनेंतील सिद्धांताला त्यानेंच प्रामाणिकपणें जमविलेले शब्द बाधा आणतात, ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाची सर्वांत मोठी साक्ष होय. मत सिद्ध करण्यासाठीं त्यानें शब्द गाळले नाहींत.

खेळांसंबंधीं हेंच म्हणतां येईल. हुतूतूचे नियम बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ च्या सुमारास छापले. १९३६ सालीं, म्हणजे ज्ञानकोशाच्या पहिल्या खंडाच्याच वर्षीं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळ करून दाखविले. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला व महाराष्ट्राचा हुतूतू राष्ट्रीय व्यवहारांत ‘कबड्डी’ झाला. गांवोगांवचे निरनिराळे नियम एका छापील नियमांत विरून जाण्याचा जो काळ, नेमका त्याच काळांत हे १० खंड निघाले. संधिकालीं दिवा घेऊन उभा राहिलेला हा मनुष्य होता. चार वर्षें उशीर झाला असता तर त्याला केवळ नियमपुस्तिका मिळाल्या असत्या.

६. कसें वाचावें

कोणी म्हणेल कीं, संपादकाचें इतिहासविषयक मत सदोष असेल तर त्याच्या प्रत्यक्ष नोंदींवर तरी विश्वास कां ठेवावा? आक्षेप योग्य आहे, पण तो साधनांच्या परीक्षणाचा आहे, त्यागाचा नव्हे. बखरकारास शिवकालीन तिथि चुकीच्या ठाऊक असतात. परंतु स्वतःच्या काळच्या मानमरातबाचे व पोषाखांचे शब्द तो चुकत नाहीं. तोच न्याय येथें लावावा. मुजुमदारांचें बाराव्या शतकाविषयींचें विधान मूळ संस्कृत ग्रंथाशीं ताडून घ्यावें; विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाविषयींची त्यांची नोंद हीच मूळ साधन समजावी. पहिल्या ठिकाणीं ते दुय्यम, दुसऱ्या ठिकाणीं अव्वल. लेखाच्या मथळ्यांतील प्रश्नास आमचें उत्तर हें आहे.

आज व्यवहार नेमका उलटा चालतो. परदेशीं हिंदी कुस्तीचा अभ्यास झाला तो मुजुमदारांच्या इंग्रजी ग्रंथावर विसंबून. जोसेफ आल्टर यांनीं काशीच्या आखाड्यांत राहून केलेल्या व १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही त्याचा आधार आहे. इंग्रजी ग्रंथ एका खंडाचा व सर्व देशासाठीं लिहिलेला. त्यांतून विद्वान जें उचलतात तें बहुधा प्राचीन काळाविषयींचें, म्हणजे जेथें मुजुमदार दुय्यम आहेत तें. मराठी १० खंडांतील जी नोंद अव्वल, ती मराठी न जाणणाऱ्यास बंद, आणि मराठी जाणणाऱ्यानें ‘संकीर्ण’ म्हणून बाजूस ठेविलेली. ज्या भाषेंत पुरावा आहे त्या भाषेच्या संशोधकांनीं तो वाचावयाचा नाहीं व ज्यांस वाचावयाची इच्छा आहे त्यांस भाषा येत नाहीं, ही स्थिति मराठी संशोधनास भूषणावह नाहीं.

७. आपलें काम

हा लेख आम्ही वैजापुराहून लिहीत आहों, आणि या विषयांत आमच्या भागाचें स्थान विलक्षण आहे. ज्या सप्तशृंगीवर बाळंभटांस दृष्टांत झाला म्हणतात ती येथून वायव्येस; ज्या कल्याणींत स्तंभश्रम लिहिला गेला ती आग्नेयेस. १९४८ पर्यंत वैजापूर व कल्याणी दोन्ही निजामी राज्यांत होतीं. कथेंत हरलेले अली व गुलाब निजामाकडचे, म्हणजे आमच्याकडचे. पण सर्वांत जुना ग्रंथही आमच्याकडचाच. असें असून मराठवाड्याच्या तालमींचा इतिहास कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. पुणें, काशी, बडोदें यांच्या वृत्तांतांत आम्ही फक्त पराभूत म्हणून येतों. अली व गुलाब कोणत्या उस्तादाचे शागीर्द, त्यांची तालीम कोठली, हा प्रश्न विचारावा असें आजवर किती जणांस वाटलें? जिंकणाऱ्याच्या बखरीवरून हरणाऱ्याचें चरित्र लिहूं नये, हा नियम राजकीय इतिहासांत आपण पाळतों. तो आखाड्यांतही पाळला पाहिजे.

यास्तव संग्राहक मंडळींस आमच्या तीन सूचना आहेत. एक, व्यायाम ज्ञानकोशाचा पूर्ण संच जेथें असेल तेथें त्याची खंडवार व वर्षवार नोंद व्हावी. यांतील कित्येक खंड दुसऱ्या महायुद्धाच्या कागदटंचाईच्या दिवसांतले आहेत. त्या दिवसांतला कागद किती टिकतो हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. दोन, घराण्यांच्या मोडी दप्तरांतील रोजकीर्दी व खर्चाचे याद यांत पहिलवान, उस्ताद, तालीम, खुराक, बक्षीस या शब्दांखालीं जें सांपडेल तें तिथीसह उतरून घ्यावें. आमच्या भागापुरतें बोलावयाचें तर फारसी व उर्दू कागदही तितक्याच आस्थेनें पाहावे. हैदराबादच्या जुन्या दप्तरांत मोगली अमदानीचे कागद मोठ्या संख्येनें आहेत. ते जाणणाऱ्यांनीं या दृष्टीनें एकदां तरी चाळावे. तीन, जुन्या तालमींच्या भिंतींवर टांगलेल्या तसबिरींखालचीं नांवें, उस्तादांच्या वह्या व कुस्त्यांच्या फडांचीं हस्तपत्रकें हीं हस्तलिखितांच्या योग्यतेचीं मानून जपावीं. तालमीची इमारत पाडतांना माती कोणी तरी मस्तकीं लावून घेतो. वह्या रद्दींत जातात.

तेरा वर्षें, दहा खंड, आणि त्यावर एक इंग्रजी ग्रंथ : मुजुमदारांच्या आयुष्याचा हा हिशेब कोणत्याही चरित्रापेक्षां स्वच्छ आहे. त्यांनीं इतिहास म्हणून जें मांडलें त्यांतील कांहीं भाग नव्या साधनांपुढें टिकत नाहीं, व पुढें आणखीही टिकणार नाहीं. त्यांनीं जें डोळ्यांनीं पाहून लिहिलें त्याच्या जागीं ठेवावयास दुसरें कांहीं नाहीं. असल्या ग्रंथाची जागा ‘संकीर्ण’ या चिठ्ठीखालीं नसून अस्सल साधनांच्या फळीवर आहे. तो तेथें उचलून ठेवावा, आणि त्यावर पडताळ्याचें काम सुरू व्हावें, एवढीच आमची संशोधक बंधूंस विनंती.